शिळं पाणी

देवराम झुगरे मासे पोचवायचा. हिवतापाच्या खात्यात तो साधा कर्मचारी. घरोघरी फवारणी करायची, तापकऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, आणि बारा महिने गप्पी मासे न्यायचे. करंगळीच्या पेराएवढे हे मासे डासांच्या अळ्या खातात, म्हणून ते विहिरींत आणि टाक्यांत सोडतात. जव्हारला कचेरीच्या मागे सिमेंटची टाकी होती. तिथून तो कॅन भरून घ्यायचा आणि डोंगरातल्या पाड्यांवर निघायचा. कधी एसटीनं, कधी सायकलवर, पुष्कळदा पायी. जव्हारहून चौदा वर्षं त्यानं हे केलं. त्याच्या कॅनमधले मासे वाटेत मेले, असं मी कधी ऐकलं नाही.

मी त्याची शेजारीण. माझं सगळं आयुष्य नाटक कंपन्यांत गेलं. आमचे हे कंपनीत ऑर्गन वाजवायचे, मूळचे जव्हारचे. कंपनी बुडाली तेव्हा ते मला इथे घेऊन आले, आणि चार वर्षांत स्वतःच वारले. मी राहिले. दोन खोल्या, भिंतीला टांगलेली जरीची एक जुनी शाल, आणि पलीकडच्या खोलीत देवरामचा संसार. देवरामला मी पहिल्यांदा पाहिलं ते मोखाड्याच्या बोहाड्यात, सोंगांच्या जत्रेत, मुखवटा घालून नाचताना. त्याची पावलं बघून मी शेजारच्या बाईला विचारलं, हा कोण? ती म्हणाली, तुमच्या भिंतीपलीकडचाच आहे. तेव्हापासून आमची ओळख.

त्याची बायको फागी, वांगणीची. आणि मुलगी हर्षदा. एकच.

हर्षदा मला बाई म्हणायची. शाळेच्या संमेलनासाठी मी तिला उतारे पाठ करून घेतले, आणि उभं कसं राहायचं, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज कसा न्यायचा ते शिकवलं. पण तिचा खरा जीव माशांत. नव्व्याण्णव साली देवराम प्रशिक्षणाला ठाण्याला गेला होता. येताना त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून तीन गोल्डफिश आणले. एक डोळे बाहेर आलेला काळा, दोन केशरी. हर्षदानं त्यांची नावं ठेवली काळ्या, लाडक्या आणि बाळी. फ्रेमवाल्याकडून काचा कापून आणून देवरामनं दोन फुटांची पेटी घरीच जोडली. तिच्यात स्पंज आणि हवेचा लहान पंप होता, पंपाला घरघर होती. रात्री भिंतीपलीकडून ती घरघर मला ऐकू यायची.

त्या घरात एक शब्द होता, शिळं. नळाचं पाणी बादलीत भरायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं, म्हणजे त्यातला औषधाचा वास उडून जातो. याला हर्षदा पाणी शिळं करणं म्हणायची. पेटीतलं पाणी एका वेळी कधी सगळं बदलायचं नाही. चौथा हिस्सा काढायचा आणि तेवढंच शिळं घालायचं. जुन्या पाण्यात त्यांचा जीव रुळलेला असतो, ताज्या पाण्यानं दगावतात, हे बापानं तिला शिकवलेलं. लोणचं मुरलं की आपण कसं कौतुकानं सांगतो, तसं ती सांगायची, बाई, आता पाणी मस्त शिळं झालंय. मलाही ती सवय लागली. शिळं म्हणजे चांगलं.

दोन हजार एकच्या दिवाळीच्या सुटीत हर्षदा आजीकडे गेली. सूर्यमाळच्या उतरणीवर देवरामच्या आईचा पाडा. आईचं नाव बुधी. तिथे पोरीचे डोळे पिवळे झाले. बुधीनं तिच्या गळ्यात मुळ्यांची काविळीची माळ घातली, ताकातून मुळी उगाळून दिली. माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरते, असं तिकडे मानतात. देवराम दुसऱ्या दिवशी वर गेला. त्यानं पोरीचे डोळे पाहिले. फागीही बरोबर होती. ती म्हणाली, हिला खाली नेऊ. बुधी म्हणाली, याच माळेनं तुझा नवरा बरा झाला होता, चार दिवस थांबा. देवराम थांबला. पाचव्या दिवशी डोली करून पोरीला रस्त्यापर्यंत आणलं आणि तिथून जीपनं नाशिकला नेलं. आठव्या दिवशी ती गेली. चौदा वर्षांची होती.

दिवस झाल्यावर फागी जव्हारला आली आणि पुन्हा सासूच्या पाड्यावर गेली नाही. तिनं भांडण केलं नाही. ती फक्त बोलायची थांबली. सकाळ-संध्याकाळ पेटीपुढे बसायची, चिमूटभर खाणं टाकायची. तेवढ्या वेळात तिच्या तोंडून एखादं वाक्य निघायचं. आज बाळी खात नाय. काळ्याची शेपूट फाटली वाटतं. ते ऐकायला देवराम कामावरून पळत यायचा. मला हे माहीत आहे, कारण भिंत पातळ होती.

मे महिन्यात बदल्या निघाल्या आणि देवरामची बदली खोडाळ्याला झाली. तिथून त्याचा पाडा जवळ. आईला दिसायला कमी झालं होतं, दोन ठिकाणी चुली मांडणं त्याला झेपणारं नव्हतं. आईकडे राहायला जाण्यावाचून वाट नव्हती. हे फागीला सांगायला त्यानं मला मधे घेतलं. मी पदर खोचून मोठं भाषण तयार केलं होतं. फागीनं ते ऐकूनच घेतलं नाही.

"येईन मी," ती त्याला म्हणाली. "पन पोरीचे मासे जित्ते पोचले तर. त्या घरात ते बी मेले, तर मी वांगणीला जाईन, आईकडं. मग मला बोलवायला येऊ नको."

देवराम म्हणाला, पोचवतो.

ती तयारी मी डोळ्यांनी पाहिली. नाटकाच्या पहिल्या प्रयोगालाही एवढी तयारी मी क्वचित पाहिली असेल. दोन दिवस माशांचं खाणं बंद. उपाशी मासा पाणी घाण करत नाही, तो म्हणाला. रविवारी पहाटे पेटीतलं पाणी त्यानं चार कॅनमध्ये भरून घेतलं, थेंबही सांडू दिला नाही. स्पंज धुतला नाही, जुन्या पाण्यात बुडवून डब्यात ठेवला. जाड प्लास्टिकच्या पिशव्या, एकीत एक अशा दुहेरी. खालचे दोन्ही कोपरे दोऱ्यानं बांधले, कारण कोपऱ्यात मासा अडकतो आणि गुदमरतो. पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा, वर रबर. प्रत्येकाला वेगळी पिशवी. तिन्ही पिशव्या घमेल्यात, आणि घमेल्यावर ओलं गोणपाट. रिकामी पेटी गोधडीत गुंडाळली.

फागी दुसऱ्या दिवशी भांडीकुंडी घेऊन येणार होती. घमेलं मांडीवर धरायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी निघाले. वय तेव्हा एकाहत्तर. देवराम म्हणाला, बाई, तुम्हाला त्रास. मी म्हटलं, अरे, मी चांदीचा मुकुट मांडीवर घेऊन बैलगाडीनं रात्ररात्र प्रवास केलाय, तुझे तीन मासे काय जड. तो हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा हसला असेल.

जीपमध्ये आम्ही पुढे बसलो. ड्रायव्हरला त्यानं मोखाड्यापर्यंत चार वेळा थांबवलं. प्रत्येक थांब्याला गोणपाट उचलायचा, पिशवीला डोळा लावायचा, सावलीत हातानं पाणी शिंपडायचा. मागचे उतारू वैतागले. एक जण म्हणाला, यांना सलाईन पण लावा. देवरामनं गोणपाट पुन्हा नीट पसरलं. मोखाड्याच्या पुढे झाडं निष्पर्ण आणि माती भाजलेली. रस्त्याच्या कडेनं रिकाम्या हंड्यांची रांग लागलेली, बायका टँकरची वाट बघत बसलेल्या. एकीनं आमच्या कॅनकडे पाहिलं आणि विचारलं, पानी विकायला नेता काय? देवराम म्हणाला, माशांचं आहे. ती बराच वेळ आमच्याकडे बघत राहिली. मला मान वर करवेना.

रस्ता संपल्यावर पाड्यावरची दोन माणसं मदतीला आली. बुधी दारात उभी होती. वाळलेली, काटक, कपाळावर गोंदण. तिनं माझे हात धरले. पण नजर माझ्या मागे, आणखी कुणी येतंय का ते शोधत होती. फागी उद्या येतेय, देवराम म्हणाला. म्हातारी मान हलवत आत गेली.

पेटी आतल्या खोलीत लागली, सारवलेल्या ओट्यावर. जुनं पाणी भरलं, स्पंज बसवला. वीज होती त्या वेळेला, पंप घरघरला. पिशव्या पेटीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवल्या, मग देवराम कपभर कपभर पेटीतलं पाणी पिशवीत घालत राहिला. शेवटी एकेकाला जाळीनं अलगद उचलून सोडलं. काळ्या तळाला गेला. बाळी आणि लाडक्या काचेला तोंड लावून उभे राहिले. पाणी थोडं हिरवट होतं, काचेवर पातळ शेवाळ होतं, जसं जव्हारला असायचं अगदी तसंच. देवराम भिंतीला टेकून बसला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. पोचले, तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे.

बुधी शेजारी येऊन वाकून बघत होती. तिनं विचारलं, यांना पानी आणू? देवराम म्हणाला, नको आये, आहे ते पुरे आहे. त्यांच्या पाण्याचं तू काही करू नको. तो असं म्हणाला, आणि मीही ते ऐकलं. पण तिकडे मे महिन्यात पाहुण्याला पाणी विचारलं की पाहुणा नकोच म्हणतो. घरच्या बाईचे हाल त्याला माहीत असतात. आणि घरची बाई ते नको कधी ऐकत नाही. देवरामला आईचे गुडघे दिसताहेत, म्हणून तो नको म्हणतोय, असं म्हातारीला वाटलं. हे मला फार नंतर कळलं.

संध्याकाळी देवराम पाड्यातल्या लोकांना भेटायला गेला. मी पेटीपाशी पडून होते. बुधी चूल पेटवता पेटवता थांबली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"बाय, एक इचारू? हे पानी शिळं हाय का?"

माझ्या कानात हर्षदाचा शब्द. मला केवढं बरं वाटलं. म्हटलं, म्हातारीला कळतंय की सगळं.

"हो हो, शिळंच आहे," मी म्हणाले. "चांगलं दोन-तीन महिन्यांचं. थेंबभर ताजं नाही त्यात."

तिनं तोंडावर पदर घेतला आणि उठून गेली. मला वाटलं, नातीची आठवण आली असेल.

सोमवारी देवराम उजाडता उजाडता खोडाळ्याला गेला, हजर व्हायला. जाण्याआधी त्यानं पेटीत डोकावून पाहिलं. मला म्हणाला, बाई, लक्ष असू द्या, वीज गेली तर मगानं पाणी उंचावरून सोडा म्हणजे हवा मिसळते. मी हो म्हटलं. बुधी घरात नव्हती. रानात गेली असेल, आम्हाला वाटलं.

आठ वाजता शाळेचे गुरुजी आले. नाटकातल्या बाई आल्यात हे त्यांना कळलं होतं. चहाला चला म्हणाले. मी गेले. ओटीवर दहा-पंधरा माणसं जमली, आणि कुणीतरी म्हणालं, एखादं म्हणून दाखवा. मी पन्नास वर्षांपूर्वीची राणी उभी केली. देवरामला दिलेला शब्द मला त्या वेळात एकदाही आठवला नाही. हे मी लपवत नाही. माणसं ऐकत होती, आणि मी म्हणत होते.

अकरा वाजता परतले तर अंगण नुकतंच सारवलेलं, अजून ओलं. मे महिन्यात, सूर्यमाळला. आत गेले. पेटी लखलखत होती. काच अशी स्वच्छ, जणू काच नाहीच. पाणी निर्मळ, त्यात तिन्ही मासे. दिवे लागून पडदा वर जावा तसं दिसत होतं सगळं. आणि मी, मूर्ख बाई, म्हणाले, वा, काय सुंदर दिसतंय.

बुधी खांबाला टेकून बसली होती. पाय सुजलेले. ती सांगायला लागली. पहाटे कोंबडं आरवायच्या आधी ती खालच्या खडकातल्या झिऱ्याला गेली होती. मे महिन्यात तिथे करवंटीनं पाणी भरतात, हंडा भरायला तास लागतो. दोन खेपांत चार हंडे तिनं आणले. मासे परातीत काढले. पेटी भांड्यांसारखी राखेनं घासली, तो स्पंजही राख लावून पिळून काढला. जुनं शिळं पाणी टाकून कसं द्यायचं, म्हणून ते शेणात कालवून अंगण सारवलं, सून येणार म्हणून.

"माझ्या पोरीचे मासे," ती म्हणाली, "माझ्या घरात शिळं पितील काय? सुनेला दिसू दे, म्हातारीनं ताजं पाजलं."

मी पेटीजवळ गेले. पाण्यात हात घातला. बोटं आखडावीत इतकं गार. लाडक्या आणि बाळी वर येऊन तोंड उघडत होते, मिटत होते. काळ्या एका कुशीवर तरंगत होता.

काय करायचं ते मला माहीत होतं. जुन्या पाण्यात परत न्यायचं. पण जुनं पाणी घरात कुठेच नव्हतं. ते अंगणात होतं, शेणात, आणि वाळत चाललं होतं. मी बुधीला समजावलं. शिळं म्हणजे काय, ताज्यानं काय होतं, राखेनं काय होतं. जेवढ्या हळू सांगता येईल तेवढ्या हळू सांगितलं. ती ऐकत होती आणि हळूहळू तिचा चेहरा रिकामा होत गेला. मग ती अंगणात गेली, खाली बसली, आणि ओल्या सारवणावर हात ठेवून तशीच राहिली. मी मगानं पाणी उंचावरून सोडत राहिले. काळ्या बारा वाजता गेला.

देवराम तीनला आला. त्यानं आधी अंगण पाहिलं, मग पेटी, मग आईला. काही विचारलं नाही. बोटानं पेटीतलं पाणी चाखलं, राख लागली असावी. गुरुजींकडे रांजणात दोन दिवसांचं पाणी होतं ते आणवलं, घमेल्यात ओतलं, बाळी आणि लाडक्याला त्यात घेतलं. पंपाची नळी घातली. वीज गेली. मग मगानं. एक तास तो मग वर न्यायचा आणि सोडायचा. त्याचा दंड थरथरायला लागला तरी थांबेना. बाळी चारला उलटली. बुधी कोपऱ्यात बसून बघत होती. एकदाच ती बोलली. ती म्हणाली, देवा, मी सांगते तिला. देवराम मागे न वळता म्हणाला, तू काही सांगायचं नाही.

मला म्हणाला, बाई, तुम्हीही.

मी मान हलवली. त्याचं गणित मला समजत होतं. पोरीच्या वेळी म्हातारीची माळ, आता माशांच्या वेळी म्हातारीची राख. फागीला हे कळलं तर ती त्या घरात क्षणभर उभी राहणार नाही, आणि म्हातारी त्या दिवशीच मरेल.

पाचच्या सुमारास फागी आली. डोक्यावर बोचकं, मागे भांडी उचलून दोन माणसं. उंबऱ्यात थांबली. रिकामी पेटी पाहिली. मग घमेल्याशी आली. लाडक्या अजून होता. कल्ला हलायचा, थांबायचा, बराच वेळ थांबायचा. ती उकिडवी बसली आणि तो पुरता थांबेपर्यंत बघत राहिली.

"पानी कुनी बदललं?" तिनं विचारलं.

"मी," देवराम म्हणाला. "सकाळी जायच्या घाईत. शेवाळ दिसलं म्हणून पेटी घासली."

"तू?"

"हो. मीच."

चौदा वर्षं मासे पोचवणारा माणूस. तिनं त्याच्याकडे पाहिलं. बुधीचे ओठ हलले, देवरामनं तिच्याकडे पाहिलं, आणि ते मिटले. मग फागीनं माझ्याकडे पाहिलं. मी घमेल्याकडे बघत राहिले.

फागीनं तिन्ही मासे उचलले, बाहेर जाऊन पुरले, हात धुतले. रात्री जेवणं झाली नाहीत. सकाळी मी उठले तेव्हा ती चुलीपाशी बुधीच्या शेजारी भाकरी थापत होती. तिचं बोचकं अजून बांधलेलंच होतं, पण ती वांगणीला गेली नाही. निघताना देवराम मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. तो म्हणाला, राहिली, बाई. माझ्यावर गेलं ते बरं झालं. मी त्याला शाबासकी दिली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला.

पुढे तो महिन्यातून एकदा जव्हारला मीटिंगला यायचा, आणि माझ्याकडे चहाला. घरचं विचारलं की सांगायचा, दोघींचं बरं आहे. सासूचं डोकं फागी धुऊन देते, दोघी एकत्र पाण्याला जातात. मी विचारायचे, आणि तुझ्याशी? तो कप खाली ठेवायचा. बोलते की. भाकर वाढली म्हणते, टँकर आला म्हणते. दरवर्षी तो जास्त वाळलेला दिसायचा. गप्पी मासे तो अजूनही नेत होता, पण एकदा मला म्हणाला, आता कॅन उघडताना भीती वाटते.

दोन हजार सहा साली बुधी गेली. मी देवरामला म्हटलं, आता सांग फागीला. आता कुणाला झळ लागणार नाही. तो म्हणाला, मेलेल्या माणसावर कशाला ढकलू? चाललंय ते चालू दे.

तीन वर्षांनी, दोन हजार नऊच्या जानेवारीत, खोडाळ्याच्या रस्त्यावर सायकल चालवताना देवरामच्या छातीत कळ आली. लोकांनी उचललं तेव्हा तो गेलेला होता. कॅरियरला बांधलेला कॅन फुटला नव्हता. त्यातले मासे कुणीतरी जवळच्या विहिरीत सोडले म्हणे.

त्याचे दिवस झाल्यावर मी वर गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, काठी टेकत. वाटेभर शब्द जुळवत होते. त्या माणसानं सात वर्षं दुसऱ्याचं ओझं वाहिलं, निदान मेल्यावर तरी त्याच्या बायकोला ते कळायला हवं, एवढंच माझ्या मनात. फागी अंगणात नागली पाखडत होती. केस पिकले होते. मी बसले, पाणी प्यायले, आणि सांगून टाकलं. पाणी देवरामनं बदललं नव्हतं. सासूनं बदललं, माझ्या एका शब्दामुळे. त्यानं तुला राखायला खोटं सांगितलं.

फागीचं सूप थांबलं नाही.

"माहीत हाय," ती म्हणाली. "म्हातारीनं त्याच रातीला सांगितलं. मी बोचकं घेऊन निघाली होती. तिनं पाय धरलं. म्हनाली, फागे, पानी मी बदललं, माळ बी मीच घातली, दोन्ही माझ्या हातानं झालं, तू मला मार पन जाऊ नको."

"आणि तू राहिलीस."

"ती खरं बोलली. मग कुठं जाऊ?"

मी विचारलं, मग देवरामशी का नाही बोललीस? तुला ठाऊक होतं, त्याची चूक नव्हती.

फागीनं सूप खाली ठेवलं.

"पोर पिवळी झाली तेव्हा मी म्हनली, खाली नेऊ. तो आयेच्या तोंडाकडं बघत बसला, चार दीस. मासे मेले तेव्हा बी आयेच्याच तोंडाकडं बघितलं. माझ्याकडं कधी बघितलं त्यानं? मी वाट बघत होती, बाई. एकदा येऊन खरं सांगेल. एवढंच. सात वर्सं वाट बघितली."

तिचा आवाज चढला नाही. खालून टँकरचा हॉर्न आला आणि पाड्यातून बायका हंडे घेऊन धावायला लागल्या. फागी उठली, दाराशी ठेवलेले दोन हंडे घेतले. दोन पावलं गेली आणि थांबली.

"तुम्ही बी तितंच होता," ती म्हणाली. "मी तुमच्याकडं बघितलं होतं."

उत्तराची वाट न बघता ती उतरणीला लागली. मी तिच्या अंगणात बसून राहिले. ती परत आली तेव्हा एकच हंडा भरलेला होता, टँकर संपला होता. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं, जीपची वेळ सांगितली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.